ऑटोवर जाणारा खटका

या, असे पुढे सरकून बसा. लांब बसलात तर निम्मं हवेत जाईल आणि मला पुन्हा सांगायला लावाल. एक गोष्ट सांगतो. भर दुपारची आहे, उजेडातली आहे, तेव्हा पाय पोटाशी घ्यायचं कारण नाही. मी जनरेटरच्या पॅनेलचं काम करतो. कुठली वायर कुठून निघाली आणि कुठे गेली, एवढं मला सांगता येतं. त्यापलीकडचं सांगणारी माणसं वेगळी. त्यांच्या पायाशी बसून, त्यांच्या गाण्यावर मान डोलवत मी आयुष्यभर ऐकतच आलो. आज सांगायची पाळी माझ्यावर आली आहे, तर देवासमोर मान वर करून सांगता येईल तेवढंच सांगेन. तिखटमीठ लावणार नाही.

आधी एक खटका समजून घ्या.

जनरेटरच्या शेजारी माणसाच्या उंचीचं लोखंडी कपाट असतं. ते त्याचं डोकं. कपाटाच्या दारावर एक काळा खटका, चिमटीत धरून फिरवायचा, तीन घरांचा. डावीकडे ऑफ, मध्ये मॅन्युअल, उजवीकडे ऑटो. ऑफवर मशीन मेलेली. मॅन्युअलवर ती माणसाची वाट पाहते, कोणी हिरवं बटण दाबलं तरच उठते. ऑटोवर कोणाचीच वाट पाहत नाही. बाहेरची वीज गेली की पाच सेकंदांत आपली आपण उठते, सगळा भार खांद्यावर घेते, आणि वीज परत आली की आपली आपण निजते.

आता आमच्या धंद्यातली सगळ्यात वाईट चूक सांगतो. टेस्टिंगसाठी खटका मॅन्युअलवर घ्यायचा, मशीन दहा मिनिटं चालवून बघायची, बंद करायची, आणि खटका ऑटोवर परत न टाकता घरी जायचं. बाहेरून सगळं झकास दिसतं. दिवे हिरवे, डिझेल काठोकाठ, बॅटरी टंच. आणि वीज गेली की मशीन ढिम्म. म्हणून कामाला लागलेल्या माणसाला पहिल्याच दिवशी शिकवतात : निघताना खटक्याला हात लावायचा आणि मोठ्याने बोलायचं, ‘ऑटो’. ऐकायला कोणी नसलं तरी बोलायचं. मी अजून बोलतो. बायको म्हणते, घराला कुलूप लावतानासुद्धा तुमच्या तोंडून ऑटो निघतं, लोक काय म्हणतील?

त्या दिवशी आम्ही दोघं गेलो होतो. मी, आणि माझ्या थोरल्या बहिणीचा नवरा. दाजी इंजिनचे फिटर. पॅनेल मी बघायचं, इंजिन त्यांनी, अशी आमची जोडी. निघताना बहिणीने मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, “त्यांच्या तोंडाकडे लक्ष देऊ नकोस. हातांकडे ठेव.” दाजींच्या उजव्या हाताची करंगळी आधीच एका पंख्याने नेलेली होती. उरलेल्या नऊ बोटांवर त्यांचं घर चालत होतं.

दवाखाना बाळंतिणींचा आणि नुकत्याच जन्मलेल्या मुलांचा. तीन मजले, पिवळट रंग, मागच्या अंगाला धुलाईघर, आणि त्याला लागून जनरेटरची खोली. दार पत्र्याचं. तिन्ही बाजूंनी झडपांच्या खिडक्या, त्यातून उन्हाच्या पट्ट्या जमिनीवर पडलेल्या. डिझेलचा वास, आणि त्यात मिसळलेला शेजारून येणारा वाफाळलेल्या चादरींचा वास. जमीन इतकी स्वच्छ की दाजी दारातच थबकले.

“इथे इंजिन ठेवतात की जेवायला वाढतात?”

मेट्रनबाई आमच्याबरोबर खाली आल्या होत्या. सडपातळ, पांढरे केस घट्ट बांधलेले, गळ्यात साखळीला चष्मा. त्यांना विनोद आवडत नसावेत किंवा वेळ नसावा.

“उद्या सकाळी नऊ ते एक वीज बंद राहणार आहे. लाइनचं काम आहे,” त्या म्हणाल्या. “आणि ही मशीन दहा मिनिटं चालते आणि तापून बंद पडते. वरती काचेच्या पेट्यांत पाच मुलं आहेत. त्यातलं सगळ्यात दांडगं बाराशे ग्रॅमचं. पेट्यांची स्वतःची बॅटरी आहे, ती दहा मिनिटं पुरते. मला उद्याचे चार तास हवेत.”

“मिळतील,” दाजी म्हणाले. त्यांचा आवाज एकदम उतरला होता.

मशीन तापते म्हणून बंद पडते, की तापली असं पॅनेलला उगाच वाटतं म्हणून, हे आधी ठरवावं लागतं. मी ती चालवली, स्क्रीनवरचं तापमान बघितलं आणि हातातल्या मीटरने इंजिनवरचं मोजलं. अठ्ठ्याण्णव आणि सत्त्याण्णव. म्हणजे सेन्सर इमानदार होता.

“तुझं कपाट खरं बोलतंय म्हणजे,” दाजी म्हणाले. “पहिल्यांदाच. म्हणजे पाप माझ्याच पदरात.” ते इंजिनच्या पुढच्या बाजूला वाकले, टॉर्च मारली आणि दाखवलं. पाण्याच्या पंपाखाली हिरवट थेंब धरत होता. पंपाचं सील गेलेलं, पट्टाही चिरलेला. पंप बदलायचा, पट्टा बदलायचा. तीन तासांचं काम. दोन्ही वस्तू गाडीत होत्या.

पंप बसतो तो पंख्याच्या मागे. तिथे पोचायचं तर जाळी काढून पात्यांच्या मधून हात खांद्यापर्यंत आत घालावा लागतो. हात आत असताना मशीन उठली तर काय होतं, ते दाजींच्या करंगळीला विचारा. म्हणून मी खटका ऑफवर टाकला, दारावर ‘काम चालू, हात लावू नये’ ही पाटी अडकवली आणि पंप आणायला गाडीकडे गेलो.

परत आलो तेव्हा दाजी जाळीचे बोल्ट सोडवत होते आणि खटका ऑटोवर होता.

“दाजी, खटक्याला हात लावलात?”

“मी तुझ्या कपाटाला कशाला हात लावू? शॉक बसला तर तुझी बहीण दुसरं लग्न करेल.”

मला वाटलं, आपणच विसरलो. माणूस विसरतो. मी तो पुन्हा ऑफवर टाकला, आणि या वेळी टाकताना बोललो, ‘ऑफ’. मग कपाटावरचं लाल बटण दाबलं. ते दाबलं की दाबलेलंच राहतं, आणि पिळून बाहेर काढल्याशिवाय मशीन उठू शकत नाही. एवढं करून मी कपाटामागे जाऊन टॉर्च शोधली. अर्धा मिनिटही झालं नसेल. समोर आलो.

लाल बटण बाहेर होतं. खटका ऑटोवर होता.

दाजी माझ्यापासून आठ हातांवर, दोन्ही हातांत पान्हे, पाठमोरे. दार आतून मीच लोटलं होतं.

मी तेरा नंबरचा पान्हा घेतला आणि बॅटरीची निगेटिव्ह केबल सोडवली. ती वळवून, फडक्यात गुंडाळून जमिनीवर ठेवली. आता खटका कुठेही फिरो. बॅटरी तुटलेली असताना मशीन उठत नाही. यात मत-बित नसतं.

पण मनाला काही बरं वाटेना. म्हणून दाजींना म्हटलं, “मी येईपर्यंत हात आत घालू नका,” आणि मेट्रनबाईंना गाठलं. त्या धुलाईघरात चादरी मोजून घेत होत्या.

“बाई, जनरेटरला तुमचा ऑपरेटर कोण आहे? तो मागच्या मागे येऊन खटका फिरवतोय. आत माणसाचे हात आहेत.”

त्यांनी मोजणं थांबवलं.

“ऑपरेटर नाही आमच्याकडे. अकरा वर्षं झाली. मशीन वेळेला आपोआप चालू होते, मग माणूस कशाला, असं वरच्यांनी ठरवलं.”

“मग खोली कोण पुसतं?”

त्यांनी धुलाईवाल्यांकडे बघितलं. मग म्हणाल्या, “मला वाटत होतं धुलाईवाले पुसतात.”

धुलाईवाले दोघं तिथेच होते. त्यांनी मानेनेच नाही म्हटलं.

मग बाईंनी मला जिन्याखाली नेऊन सांगितलं. त्यांनी सांगितलं तसंच सांगतो.

अकरा वर्षांपूर्वी इथे एक ऑपरेटर होता. सगळे त्याला तंबोरा मामा म्हणत, कारण मशीन चालू झाली की तो तिच्या सुरात सूर मिसळून गुणगुणत बसायचा. सूर जरा घसरला की मीटर न बघता सांगायचा, पन्नास हर्ट्झवरून एकोणपन्नासवर आली, भार वाढलाय. नर्सेस चिडवायच्या, मामा, बायकोपेक्षा मशीनचा आवाज जास्त ऐकता. एका दुपारी त्याने नेहमीची टेस्ट घेतली, मशीन बंद केली, पाळी संपवून घरी निघाला. पुढच्या चौकापर्यंत पोचला आणि वीज गेली. मशीन उठली नाही. तो तसाच धावत परत आला. तोवर सात मिनिटं गेली. त्या काळी पेट्यांना बॅटरी नव्हती. एक मुलगी गेली.

“आम्ही खाली पोचलो तेव्हा त्याने मशीन चालू केली होती,” बाई म्हणाल्या. “आणि खटका मॅन्युअलवर होता. मी पाहिला, सगळ्यांनी पाहिला. टेस्टनंतर ऑटोवर टाकायला विसरला. चौकशीतही तेच निघालं. तो एवढंच म्हणायचा, बाई, मी टाकला होता, मी तोंडाने बोललो होतो. माणूस सरळ होता हो. पण डोळ्यांनी पाहिलेलं कसं नाकारायचं? कामावरून काढलं. दोन महिन्यांत गेला. त्याची बायको वरती असते, चादरी-झबली शिवते. अकरा वर्षांत ती या बाजूच्या जिन्याने उतरलेली नाही.”

मी परत आलो. दाजींना यातलं काही सांगितलं नाही. केबल फडक्यात होती, जागेवर. मी ती हाताने चाचपली.

“चला, घाला हात,” म्हटलं.

दोन तास काम सुरळीत चाललं. जुना पंप निघाला, नवा बसायला लागला. दाजी अखंड बोलत होते. पंप बनवणाऱ्याच्या आईला, पट्टा बनवणाऱ्याच्या सासऱ्याला, सगळ्यांना त्यांनी आठवणीने आशीर्वाद दिले. मी पान्हे देत होतो. मध्येच माझ्या लक्षात आलं की खोलीत एक बारीक घुमणारा आवाज आहे. एकच सूर, खर्जातला, कोपऱ्यातून येणारा. चार्जरचा ट्रान्सफॉर्मर असा वाजतो. मी उठून चार्जर बंद केला.

आवाज चालूच राहिला. मग थांबला. श्वास घ्यायला थांबावा, एवढाच. आणि पुन्हा सुरू झाला.

“तू गुणगुणतोयस का?” दाजींनी आतून विचारलं.

“हो,” मी म्हणालो.

खोटं बोललो. तेवढं एकच खोटं या गोष्टीत आहे.

चारला दहा कमी असतील. पंपाचे दोन बोल्ट आवळून झाले होते, खालचे दोन बाकी होते. दाजींचा उजवा हात खांद्यापर्यंत पात्यांच्या मागे, गाल थंड लोखंडावर टेकलेला. डोक्यावरची ट्यूब फडफडली आणि गेली. धुलाईघरातली यंत्रं एकामागून एक गप्प झाली. वीज उद्या जायची होती. ती आजच गेली.

झडपांतून ऊन येत होतं, त्यामुळे दिसत सगळं होतं.

कपाटाची स्क्रीन पेटली.

मी बॅटरीकडे बघितलं. केबल जागेवर बसलेली होती. नट आवळलेला, वर व्हॅसलीनचा ताजा थर बोटाने सारखा केलेला, जुनी माणसं करतात तसा. फडकं चौकोनी घडी घालून बाजूला ठेवलेलं. तेरा नंबरचा पान्हा माझ्या खिशात होता.

लाल बटण बाहेर होतं. खटका मात्र या वेळी ऑटोवर नव्हता. तो मधल्या घरात होता, मॅन्युअलवर. त्याचा अर्थ मला तेव्हा कळला नाही.

ही मशीन उठण्याआधी पाच सेकंद इंजिन गरम करून घेते. स्क्रीनवर आकडे उलटे पडतात.

पाच.

“दाजी, हात काढा!”

“बाही अडकली,” ते म्हणाले. अगदी साध्या आवाजात.

चार.

मी लाल बटणावर तळहात मारला. ते खाली गेलं नाही. स्प्रिंग कडक असते तसं नव्हतं ते. आतून कुणीतरी आपला तळहात माझ्या तळहाताला लावून धरावा, तसं होतं.

तीन.

माणूस अशा वेळी देवाचं नाव घेतो. मीही घेतलं. पण तोंडातून आलं ते वेगळंच.

“मामा, थांबा,” मी म्हणालो. “आत माणूस आहे.”

दोन.

“मामा, आत माणसाचा हात आहे हो.”

एक.

एकवर आकडा थांबला.

मी वाट बघत होतो. गुणगुणणंही थांबलं होतं. एकचा आकडा स्क्रीनवर तसाच, न मिटणारा, न पुढे जाणारा.

फाटण्याचा आवाज आला आणि दाजी मागे जमिनीवर बसले. हात बाहेर होता, नीट होता. बाही आत राहिली होती.

“मामा कोण?” त्यांनी विचारलं.

जिन्यावरून मेट्रनबाईंचा आवाज आला. “मशीन का उठत नाही? पेट्या बॅटरीवर आहेत! दहा मिनिटं आहेत फक्त!”

दाजी माझ्याकडे बघत होते, मग स्क्रीनकडे, मग केबलकडे. ते काही अडाणी नव्हते. केबल मी काढताना त्यांनी पाहिली होती. पंपाचे दोन बोल्ट बाकी, पट्टा बाकी. पट्टा नसताना मशीन चालवली असती तर अर्ध्या वाटेतच तापून जाम झाली असती, आणि उद्याचं तर नावच नको.

“तो थांबेल का?” दाजींनी विचारलं.

“माहीत नाही.”

त्यांनी आपली नऊ बोटं पँटला पुसली.

“बोलत राहा त्याच्याशी,” ते म्हणाले, आणि हात पुन्हा आत घातला.

मी बोलत राहिलो. काय बोललो ते सगळं आठवत नाही. मामा, हे माझे दाजी. मामा, यांना दोन मुली आहेत. मामा, एक बोल्ट झाला. वरती पाच जण आहेत, ठाऊक आहे तुम्हाला, आम्हालाही ठाऊक आहे, विसरलेलो नाही. मामा, दुसरा धरला. जरा घसरला, परत धरला. झाला. आता पट्टा घालतोय. माझा एक हात लाल बटणावर होता आणि त्या बटणातून मला नाडीसारखं काहीतरी लागत होतं. ती माझीच असणार.

“बाई म्हणतात सहा मिनिटं झाली!” धुलाईवाला दारातून ओरडला आणि आतला रंग बघून तिथेच गप्प झाला.

पट्टा पुलीवर चढत नव्हता. दाजींनी दोन्ही हात आत घातले.

दोन्ही. कोपरांपर्यंत.

“मामा, अजून नाही,” मी म्हणालो. “मामा, अजून नाही. अजून नाही.”

पट्टा बसला. दाजींनी ताण आवळला, अडकलेली बाही ओढून घेत हात काढले, मागे सरकले, आणि पान्हे, टॉर्च, फाटकी बाही सगळं पायाने लांब लोटलं.

“मोकळा,” ते म्हणाले.

“मोकळा आहे, मामा,” मी म्हणालो. “घ्या.”

एकचा शून्य झाला. पहिल्याच फेऱ्यात मशीन उठली. भार घेतल्याचा ठोका बसला, ट्यूब लागली, धुलाईघरातली यंत्रं गरगरली. वरून कोणीतरी आनंदाने ओरडलं. दाजी भिंतीला टेकून दोन्ही हात मांडीवर उलटे-सुलटे करून बघत होते.

तापमान ब्याऐंशीवर स्थिर झालं. सूर पन्नासवर. मशीनच्या त्या आवाजात दुसरा सूर मिसळलेला होता की नाही, ते मी सांगू शकत नाही. मला दाजींसारखेच कान आहेत, मामांसारखे नाहीत.

तासाभराने वीज आली, मशीन निजली. बाहेर अजून ऊन होतं. दाजी म्हणाले, चल निघू. पण मी पॅनेलचा माणूस. मला तो मॅन्युअलवरचा खटका सोडवत नव्हता. आता तो परत ऑटोवर होता, अर्थातच.

मी स्क्रीनवर जुन्या नोंदी उघडल्या. हे कपाट शेवटच्या अडीचशे नोंदी सांभाळतं. कधी वीज गेली, कधी मशीन उठली, कशी उठली. आपोआप उठली तर ‘ऑटो स्टार्ट’ असं येतं. मी खाली खाली जात राहिलो. आजची नोंद. गेल्या महिन्यातल्या चार. त्याआधीच्या. गेल्या वर्षीच्या. त्याच्या आदल्या वर्षीच्या.

मॅन्युअल स्टार्ट. मॅन्युअल स्टार्ट. मॅन्युअल स्टार्ट.

एकही ऑटो नव्हती. प्रत्येक वेळी वीज गेल्यापासून पाच सेकंदांच्या आत कुणीतरी खटका मधल्या घरात घेऊन हिरवं बटण दाबलेलं होतं.

मी बॅटरी सोडवली, कपाट उघडलं आणि खटका मागून खोलून हातात घेतला. आत तीन घरांचे तीन पितळी संपर्क असतात, खटका टेकला की वीज जोडणारी छोटी पानं. ऑफचा चांगला होता, मॅन्युअलचा झिजून चकचकीत झालेला होता. ऑटोच्या संपर्काची स्प्रिंग तुटलेली. पान खाली पडून तिथेच हिरवं झालेलं, त्यावर धुळीची साय. असा हिरवेपणा वर्षा-दोन वर्षांत येत नाही. बाहेरून खटका ऑटोच्या घरात व्यवस्थित बसायचा, टक असा आवाजही द्यायचा. आत काही लागत नव्हतं.

मी मेट्रनबाईंना बोलावलं. त्यांनी चष्मा लावला.

“हा कधी बदललाय?” मी विचारलं.

“कशाला बदलायचा? मशीन कधी चुकलीच नाही.”

मी त्यांना संपर्क दाखवला. मग सांगितलं, “बाई, त्या दिवशी त्यांनी खटका ऑटोवरच टाकला होता. तो आत लागला नाही. ते धावत आले आणि मुलांना वाचवायला त्यांनी तो मॅन्युअलवर घेतला. तुम्ही पोचलात तेव्हा तुम्हाला तो मॅन्युअलवरच दिसणार होता.”

बाई उभ्या होत्या त्या डिझेलच्या टाकीचा कठडा धरून राहिल्या. मग वर गेल्या.

परत आल्या तेव्हा त्यांच्यामागून एक बाई आल्या होत्या. साठीच्या, बोटात शिवायचं अंगुस्तान तसंच राहिलेलं, पदराला दोऱ्याचे तुकडे चिकटलेले. त्या दाराबाहेरच थांबल्या. मी तुटका संपर्क त्यांच्या तळहातावर ठेवला आणि पुन्हा एकदा सगळं सांगितलं, सावकाश.

त्यांनी मूठ मिटली.

“घरीसुद्धा रोज म्हणायचे, मी टाकला होता गं,” त्या म्हणाल्या. “मी हो म्हणायचे. जेवा म्हणायचे. पण मला खरं वाटत नव्हतं. त्यांना ते कळायचं.”

दाजींनी खाली मान घातली. मी माझं काम केलं. गाडीतून नवा खटका आणला, वायरी लावल्या, बॅटरी जोडली. बाहेरच्या विजेचा फ्यूज काढून टेस्ट घेतली. पाच सेकंदांत मशीन आपली आपण उठली. नोंद आली, ‘ऑटो स्टार्ट’. फ्यूज परत लावला, मशीन निजली. त्या बाई दाराबाहेरून बघत होत्या.

निघताना मी खटक्याला हात लावला. तो ऑटोवर होता. मग म्हणालो, “ऑटो. मामा, आता ही एकटी उठेल. तुम्ही बसा.”

माझी बोटं अजून खटक्यावर होती. त्यांच्यावर दुसरी बोटं आली. कोमट होती, खरखरीत, कामाच्या माणसाची. त्यांनी माझ्या बोटांसकट खटका एक केसभर उजवीकडे दाबून बघितला, शेवटपर्यंत बसलाय ना. बसला होता. तरी त्यांनी आणखी एकदा दाबून बघितला. आणि मग ती उचलली गेली नाहीत. मलाच माझा हात त्यांच्याखालून काढून घ्यावा लागला.

दुसऱ्या दिवशीचे चार तास सुखरूप गेले. पाचही मुलं पुढे घरी गेली.

आता माझं एवढंच मागणं आहे. आज देवाजवळ स्वतःसाठी, मुलाबाळांसाठी जे मागायचं ते मागून झालं, की क्षणभर थांबून त्या माणसाची आठवण काढा. खरं नाव मला माहीत नाही, तंबोरा मामा म्हटलं तरी चालेल. त्यांना बसा म्हणून सांगा. मी सांगून बघितलं आहे. एकट्याच्या सांगण्यावर त्यांचा विश्वास बसत नाही.